खवलेकाकूंची खिडकी

एका जंगलात एक कालवा होता आणि एक आगगाडी होती. जंगलात आगगाडी कुठून आली, असं मधेच विचारायचं नाही. ज्याला विचारायचंय त्याने उठून घरी जावं आणि पाढे म्हणावेत. बाकीच्यांनी जवळ सरकावं.

तर आधी कालवा. सिंहमहाराजांनी तो शेतीला पाणी मिळावं म्हणून खणायला लावला होता. रानडुकरांनी नाकाने खणला. पाणी आलं. फक्त ते शेतापर्यंत पोचेना, कारण कालवा शेताकडे वळायचंच विसरला होता. तो आपला डोंगराच्या कडेकडेने नटूनथटून हिंडायचा. इथे कमळं, तिथे खंड्या पक्षी, मधेच कुठे पाण्यावर वाकलेली बांबूची बेटं. शेतकऱ्यांनी ओरडा केला तेव्हा महाराजांनी दवंडी पिटली की हा कालवा मुळात बघण्यासाठीच खणलेला आहे. झालं. काम पूर्ण.

आगगाडीचंही तेच. ती घाटातून जायची, बोगद्यात शिरायची, दरीच्या काठावरून डोकवायची. पण कोणाच्या गावाला थांबायची नाही. म्हणजे तीही बघायचीच.

या दोन निरुपयोगी गोष्टींना गाठ मारून ज्याने पोट भरलं, त्याचं नाव तरसेभाऊ. हे तरस होते. तरस कसं हसतं, माहीत आहे ना? कारण नसताना. सहली काढायला एवढं शिक्षण पुरतं. नाव गळली, हसायचं. गाडी चुकली, हसायचं. प्रवासी हरवला की जरा मोठ्याने हसायचं.

तरसेभाऊंनी झाडाझाडावर पाट्या लावल्या. 'सकाळी नाव, दुपारी गाडी! कालव्याची मजा, घाटाची शोभा! गरम पिठलं-भाकरी मिळेल!' शेवटची ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरांत होती. प्राण्यांनी तेवढीच वाचली आणि नावं नोंदवली.

कोण कोण आलं? घोरपडेसाहेब आले. हे घोरपड. वनखात्यातून निवृत्त. घोरपड एकदा कुठे चिकटली की किल्ला पडतो पण घोरपड पडत नाही, आणि साहेब तर खुर्चीला चिकटून मुरलेले. वानरे नवरा-बायको आले, फोटो काढायला. डुकरेशेठ आले, पिठल्यासाठी. वाघुळकाका आले, कारण दिवसा घरात झोप येत नव्हती.

आणि आल्या खवलेकाकू.

खवले मांजर तुम्ही पाहिलेलं नसणार. त्याच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात, आणि त्याला मांजर कोणी म्हटलं ते मांजरालाही ठाऊक नाही. हा प्राणी भांडत नाही, ओरडत नाही. भीती वाटली की अंगाचं मुटकुळं करतो आणि चेंडू होऊन पडून राहतो. खवलेकाकूंचा निम्मा जन्म असा चेंडू होण्यात गेला होता. सासू रागावली, चेंडू. ढग गडगडला, चेंडू. लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तर काकू चेंडू. अक्षता चेंडूवरच पडल्या.

ती लेक, चिंगी, घाटात दिली होती. मधे वाघाचं रान. पायी जायची सोय नाही. आणि चिंगीला बाळ झालं होतं. काकूंनी नातू अजून पाहिला नव्हता.

गाडी घाटात करवंदीच्या वळणावर इतकी हळू होते की बाजूने गोगलगाय चालली तरी ती पुढे जाईल. चिंगीचं बीळ त्याच वळणाला. काकूंनी कावळ्याबरोबर निरोप धाडला. 'पोरी, सहलीबरोबर येतेय. बाळाला घेऊन वळणावरच्या खडकावर उभी राहा. मी डाव्या अंगाच्या खिडकीत असेन. तुझं तोंड बघेन, बाळाचं बघेन, आणि पुढे जाईन.'

एवढ्यासाठी काकू सहलीला आल्या होत्या. पिठलं त्यांना पचतही नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी नाव सुटली. नावेला वल्ही नव्हती. काठावरून एक रेडा दोर ओढत चालायचा आणि नाव मागून यायची. डाव्या काठाला कमळं होती, उजव्या काठाला नुसता चिखल. सगळे धावले डावीकडे. नाव कलली. डुकरेशेठ उशिरा धावले, तशी आणखी कलली. तरसेभाऊ हसत हसत गळ्यापर्यंत भिजले.

"बसून घ्या! बसून घ्या!" ते म्हणाले. "हाहा! आपण सगळी एका घरची माणसं! दोघांना एक बाक. आज एकजण कडेला बसेल, उद्या दुसरा. नावेत तसंच गाडीत. भांडण नाही, तंटा नाही!"

काकूंच्या शेजारी घोरपडेसाहेब आले. बाक डाव्या अंगाचा. साहेब म्हणाले, "पहिला दिवस माझा. वयाने मी मोठा आहे."

काकूंनी आनंदाने मान हलवली. घाट दुसऱ्या दिवशी होता.

त्या दिवशी दुपारी गाडीत साहेब खिडकीला बसले आणि गाडी हलायच्या आत घोरायला लागले. बाहेरून टेकड्या गेल्या, तळी गेली, मोरांचा एक अख्खा घोळका पिसारे फुलवून नाचत उभा राहिला. साहेबांच्या नाकावर माशी बसली आणि उठली. एवढीच हालचाल. काकूंनी शेजारून जे दिसलं ते पाहिलं आणि मनात म्हणाल्या, उद्या.

दुसरा दिवस उजाडला. नाव निघाली. काकू डाव्या कडेला जाऊन बसणार, इतक्यात घोरपडेसाहेबांनी घसा खाकरला.

"तरसेभाऊ, एक मुद्दा आहे."

ज्याने आयुष्यात खुर्ची झिजवली आहे, तो मुद्दा आहे असं म्हणाला की पोरांनो, हातातलं काम सोडून पळावं. पण नावेतून पळणार कुठे?

"काल मी खिडकीला होतो," साहेब म्हणाले. "पण मला झोप लागली. म्हणजे नंबर लागला, पण वापरला गेला नाही. आमच्या खात्यात न वापरलेली रजा पुढे जमा व्हायची. त्या हिशेबाने आज खिडकी माझी."

काकू चाचरत म्हणाल्या, "अहो साहेब, पण झोप तर तुम्हीच काढलीत ना?"

"झोप ही वैयक्तिक बाब आहे, काकू. खिडकी सार्वजनिक आहे."

हे ऐकून वानरेवहिनी टुणकन उठल्या. "अगं बाई! मग माझीही जमाच आहे की! काल सगळा वेळ मी खिडकीकडे पाठ करून बसलेय. ह्यांना फोटो हवे होते ना! डोंगर फोटोत आलाय, पण मी कुठे पाहिलाय?"

"मी तरी कुठे पाहिला?" वानरे म्हणाले. "मी तुलाच पाहत होतो."

"केवढे हो उपकार!"

डुकरेशेठ तोंड पुसत म्हणाले, "आमच्या खिडकीच्या काचेला वाफ धरली होती. भाकरी गरम होती त्याला मी काय करू? मलाही नंबर परत पाहिजे."

छताला लटकलेले वाघुळकाका म्हणाले, "मी पाहिलं. पण सगळं उलटं. दरी मला डोंगर दिसली आणि डोंगर दरी. हे पाहिल्यात धरायचं का नाही?"

"अर्धं धरा," साहेब म्हणाले.

आता काल जे आतल्या बाजूला बसले होते, ते खवळले. आमचा नंबर आज, तुमची झोप तुमच्या घरी! मग कालचे खिडकीवाले उठले. मग आजचे. कोणीतरी कोणाच्या शेपटीवर पाय दिला. शेवटी ठरलं की सभा घ्यावी. सभेला अध्यक्ष पाहिजे. घोरपडेसाहेब नाही नाही म्हणत आधीच पुढच्या फळीला चिकटले होते.

सभा सुरू झाली आणि त्याच वेळी, पोरांनो, नाव पाण्याच्या पुलावर आली.

हा पूल म्हणजे त्या कालव्याचा दागिना होता. दोन डोंगरांच्या मधे दरी, दरीवर दगडी कमानी, आणि कमानींवरून कालवा चाललेला. नावेच्या खालून ढग जात होते. त्याही खाली आगगाडीचे रूळ, केसाएवढे बारीक. एक धनेशाची जोडी नावेला समांतर उडत होती. उन्हात सगळं पाणी असं झालं होतं की कोणीतरी दरीवर रेशमी साडी वाळत घातली आहे.

काठावरचा रेडासुद्धा थांबला. रोज हीच वाट तुडवणारा रेडा, पण थांबला आणि तोंड उघडं टाकून बघत राहिला.

नाव थांबली तशी सभा एका सुरात ओरडली, "ए रेड्या, चल की! इथे काय बघायचंय?"

रेडा चालू लागला.

काकू मात्र दरी बघत नव्हत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांचे खवले किणकिण वाजत होते. सभेत बोलायची त्यांची ही पहिलीच खेप.

"मला सगळी खिडकी नको," त्या म्हणाल्या. "करवंदीच्या वळणापुरती द्या. माझी लेक तिथे उभी राहणार आहे हो. बाळ घेऊन. मला नातू बघायचाय. बाकी सगळा घाट तुम्ही घ्या."

वानरेवहिनींनी डोळ्याला पदर लावला. मग पदर काढून त्याच म्हणाल्या, "आमचाही मुलगा परमुलखातल्या रानात आहे, काकू. त्याच्या दारावरून कुठली गाडी जात नाही. मग तुम्हालाच कशी?"

"भावना समजल्या," घोरपडेसाहेब म्हणाले. "पण आज नातवासाठी खिडकी दिली, तर उद्या कोणी भाचा काढेल. परवा चुलत भाचा. मग नियम कुठे राहिला?"

"मला भाचेच नाहीत," काकू म्हणाल्या.

"ठराव तुमच्यापुरता नसतो, काकू. तत्त्वाचा असतो."

आणि तत्त्व म्हटल्यावर सगळी नाव जी गरजली, ती काकूंना सोसवली नाही. त्यांनी नाक पोटात घातलं, शेपूट डोक्यावर घेतलं आणि झाल्या चेंडू.

आता ठराव ऐका. तो अध्यक्षांनीच मांडला. "सगळ्यांना खिडकी देता येत नाही. काहींना दिली तर काहींवर अन्याय. म्हणून आज गाडी सुटताच सगळ्या खिडक्यांच्या झडपा खाली ओढाव्यात. कोणालाच काही दिसणार नाही. म्हणजे सगळ्यांना सारखं दिसेल."

"वा!" डुकरेशेठ म्हणाले. "आणि पिठलंही गार होणार नाही."

हात वर झाले. वाघुळकाकांचे खाली आले, पण ते वर धरले गेले. साहेबांनी चेंडूकडे पाहिलं. "काकूंचा विरोध?"

चेंडू काय बोलणार?

"एकमताने मंजूर!"

टाळ्या वाजल्या. मग आभारप्रदर्शन झालं. ते संपलं तेव्हा पूल मागे पडला होता आणि समोर स्टेशन आलं होतं.

गाडीत चढल्यावर धडाधड झडपा पडल्या. डब्यात अंधार झाला. तरसेभाऊंनी मधोमध कंदील टांगला. आणि खरं सांगतो, एवढी सुखी मंडळी तुम्ही कधी पाहिली नसतील. आदल्या दिवशी प्रत्येकजण स्वतःच्या खिडकीतून कमी आणि दुसऱ्याच्या खिडकीकडे जास्त बघत होता. आज मान वळवायचे कष्टच नाहीत. पिठलं वाढलं गेलं. भेंड्या सुरू झाल्या.

तरसेभाऊंना पैसे शोभेचेच मिळालेले. ते प्रामाणिकपणे मधूनमधून ओरडत होते, "घाट सुरू झाला, मंडळी! डावीकडे धबधबा!"

सगळे डावीकडच्या बंद झडपेकडे वळायचे. "अहाहा!"

"उजवीकडे खोल दरी!"

"बाई गं! मला तर गरगरलंच!" वानरेवहिनी उजव्या झडपेकडे बघत म्हणाल्या. वानऱ्यांनी त्यांचा झडपेसमोर फोटो काढला.

चेंडू बाकावर पडून होता. मग इंजिनाने लांब शिट्टी दिली. चाकांचा खडखडाट मंदावला. चेंडूला एक फट पडली आणि फटीतून एक डोळा बाहेर आला.

"तरसेभाऊ," काकूंनी हळूच विचारलं, "वळण आलं का?"

"आलं ना! हाहा! डावीकडे करवंदीचं प्रसिद्ध वळण, मंडळी!"

"अहाहा!" मंडळी म्हणाली.

काकू झडपेकडे झेपावल्या. पण झडपेवर घोरपडेसाहेब. चारी पंजे रोवून, शेपटीचा टेका देऊन. ठरावाची अंमलबजावणी ते जातीने करत होते.

"साहेब, बाजूला व्हा. पाया पडते."

"काकू, मी स्वतःसुद्धा बघत नाहीये," साहेब म्हणाले. आणि ते खरं होतं. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

काकूंनी त्यांना ओढलं. ढकललं. घोरपड ती, हलते कशाला? बाहेर गाडी वळणाला लागली होती. काकूंची पाठ वाकायला लागली, नाक पोटाकडे निघालं. आता पुन्हा चेंडू होणार, तोच ते नाक वाटेत खिडकीखालच्या फळीला घासलं.

आणि नाकाला वास आला. वाळवीचा.

फळीला बाहेरून सहलीसाठी नवाकोरा हिरवा रंग होता. आत वाळवीने संसार थाटला होता. खवले मांजर मोठं होतं ते वाळवी खाऊनच. काकूंनी दोन्ही पंजांची नखं फळीत घातली आणि भुगा उडवला. भेंड्यांच्या आरोळ्यांत कोणाला ऐकू गेलं नाही. थाळ्यांत वाकलेल्या कोणाला दिसलं नाही. आणि साहेब डोळे मिटून न्याय करत होते.

फळीला भोक पडलं. लिंबाएवढं. काकूंनी डोळा लावला.

चिंगी खडकावर उभी होती. शेपूट लांब सोडलेलं, आणि शेपटीला घट्ट धरून बसलेलं बाळ. खवले मांजराची पोरं आईच्या शेपटीवर बसूनच जग बघतात. बाळाचे खवले अजून कोवळे होते, चिंचेच्या पाल्यासारखे. चिंगी एकेका खिडकीकडे बघत होती. पहिली बंद. दुसरी बंद. तिसरी बंद. तिने हात वर धरला होता. प्रत्येक खिडकीगणिक तो थोडा थोडा खाली येत होता.

"चिंगे! ए चिंगे! मी इथेय!" काकू ओरडल्या. डब्यात कोणीतरी 'म' अक्षर आलं म्हणून त्याहून मोठ्याने ओरडलं.

हात बाहेर काढावा तर नखं भोकात मावेनात. तोंड काढावं तर डोकं मावेना. नुसता डोळा ठेवून बघत राहावं तर नातू डोळा भरून दिसत होता. पण लेक घरी जाऊन म्हणणार, आई आलीच नाही.

काकूंनी डोळा काढला. नाक लावलं. आणि जीभ बाहेर सोडली.

खवले मांजराची जीभ केवढी असते, सांगू? जवळजवळ त्याच्या अंगाएवढी. काकूंनी ती सगळीच्या सगळी सोडली. बंद झडपांच्या त्या लांबलचक गाडीतून एक गुलाबी फीत बाहेर आली आणि वाऱ्यावर फडफडायला लागली.

चिंगीने पाहिलं. आणि ती जीभ तिला ओळखू येणार नाही, असं होईल का? तिचं लहानपण त्याच जिभेने धुऊन पुसून काढलं होतं.

"आई! अगं बाई, आई! बाळा, बघ, आजी!"

खडक रुळाला अगदी लागून होता. बाळाने आजीकडे पाहिलं. म्हणजे आजीचं जेवढं बाहेर होतं तेवढ्याकडे पाहिलं. मग त्यानेही आपली जीभ काढली. इवलीशी, दोऱ्यासारखी. वाऱ्याने फीत जवळ आली तशी टोकाला टोक लावलं.

आत अंधारात काकूंना काहीच दिसत नव्हतं. पण जिभेच्या शेंड्याला काहीतरी ओलं, गुदगुल्या करणारं लागलं, आणि दुधाची चव आली.

गाडीने वेग घेतला. काकूंनी जीभ आत ओढली, भोकावर पाठ टेकून बसल्या आणि तोंड मिटून घेतलं. ती चव त्यांना कोणाला सांगायचीच नव्हती.

शेवटचं स्टेशन आलं. झडपा उघडल्या. समोर कोळशाचा ढीग होता आणि ढिगावर एक कुत्रं झोपलं होतं. मंडळींनी तेही सारखंच पाहिलं.

"अप्रतिम सहल!" डुकरेशेठ म्हणाले.

"काय तो घाट!" वानरेवहिनी म्हणाल्या. "डोळ्यांसमोरून जातच नाहीये."

"कोणालाही कोणापेक्षा जास्त दिसलं नाही," घोरपडेसाहेब झडपेवरून पंजे सोडवत म्हणाले. "इतकी नीट सहल मी खात्यातसुद्धा पाहिली नाही."

वाघुळकाका म्हणाले, आज त्यांनाही सगळं सुलटं दिसलं.

तरसेभाऊंनी काकूंना विचारलं, "आणि काकू, तुमची काही तक्रार?"

काकूंनी ओठांवरून एकदा जीभ फिरवली. "छे हो," त्या म्हणाल्या. "ठराव फार चांगला होता. पुढच्या खेपेलाही हाच ठेवा."

*

तात्पर्य: पोरांनो, नियम सगळ्यांनी अगदी काटेकोरपणे पाळावेत. म्हणजे ज्या एकट्याला तो मोडायचा असतो, त्याला भोकापाशी रेटारेटी सोसावी लागत नाही.